जळगावात एअर रायफल ट्यून करून घेतली, सविस्तर अनुभव

आधी निकाल सांगतो, ज्यांना घाई आहे त्यांना पुढचं सगळं वाचायला नको. ट्यूनिंगचं, म्हणजे आतले भाग नीट बसवून नेम सुधारायचं, काम एक नंबर झालंय, पैसे वसूल आहेत, पण वेळ खूप लागतो आणि तुम्हाला रायफलची 'पावर' वाढवून पाहिजे असेल तर मी गेलो त्या दुकानात जाऊच नका, ते काम तिथे होत नाही आणि माझ्या मते कुठेच होऊ नये. कागदावर, शेतात सुट्टीच्या दिवशी निवांत नेमबाजी करायची असेल, छर्रा रोज त्याच जागी लागावा असं वाटत असेल, तर मात्र नक्की जा.

आता नीट सांगतो. माझ्याकडे देशी बनावटीची ब्रेक-बॅरल रायफल आहे, .१७७ बोअरची (नळीचं भोक, इंचात). ब्रेक-बॅरल म्हणजे नळी खाली मोडून स्प्रिंग ताणायची आणि छर्रा भरायचा तो प्रकार. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण पुढे तिच्याबद्दल थोडं वाईट लिहायचंय आणि एका पीसवरून अख्ख्या कंपनीला नावं ठेवणं बरोबर नाही. दिसायला भारी, दस्ता चांगल्या लाकडाचा, नळीही सरळ. पण आतून कच्चं काम. ट्रिगर इतका जड की बोट दुखायचं, दाबला की आधी खरखर, मग अजून खरखर, मग कधीतरी सुटणार. सुटली की आत स्प्रिंगचा 'ट्वॅंग' असा आवाज बराच वेळ घुमत राहायचा आणि गालाला झिणझिण्या. दहा मीटरवर पाच छर्रे मारले तर दोन एकात एक आणि बाकीचे तीन तीन गावांना, असं चाललं होतं.

इंटरनेटवर ट्यूनिंग शोधलं की सगळ्यात आधी येते अमेरिकेतली रुगर १०/२२, सेमी-ऑटो (पुढची गोळी आपोआप भरणारी) .२२ रिमफायर, म्हणजे बारूदवाल्या छोट्या गोळीची. १९६४ पासून निघतेय, दहा गोळ्यांचं गोल फिरणारं मॅगझिन, आणि तिची नळी नुसत्या दोन स्क्रू आणि एका व्ही-ब्लॉकवर (इंग्रजी व्ही आकाराचा तुकडा) धरलेली असते म्हणून तिकडची मंडळी घरी बसून नळी बदलतात, ट्रिगरचं अख्खं पॅक बदलतात, आतली बोल्ट (मागे-पुढे सरकणारा भाग) मागे येऊन जिथे आदळते ती स्टीलची पिन काढून तिथे पॉलियुरेथेनची (रबरासारख्या प्लास्टिकची) पिन टाकतात म्हणजे आदळआपट कमी होते. बघायला मजा येते, मी तासन्‌तास बघितलंय. पण आपल्याकडे .२२ म्हणजे फायरआर्म, त्याला लायसन्स लागतं, सेमी-ऑटोचे नियम तर त्याहून कडक, आणि अशा बंदुकीत घरी बसून काही बदल करणं हा विषयच नाही. आपल्यासारख्या हौशी माणसाला विनापरवाना मिळते ती एअर रायफल, तीसुद्धा मर्यादेत. २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे बोअर .१७७ म्हणजे साडेचार मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त नको. यातली एक जरी ओलांडली तरी लायसन्स लागतं. हे सगळ्यांनी डोक्यात पक्कं बसवा, कारण ट्यूनिंगचा अर्धा विषय इथेच आहे.

पण त्या १०/२२ वाल्यांकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. त्यातले जे खरे जाणकार आहेत ते चकचकीत सामानावर पैसे घालत नाहीत, आधी ट्रिगर बघतात, मग नळी आणि तिला कोणती गोळी चालते ते बघतात, मग बाकीचं. आपल्या स्प्रिंगवाल्या रायफलला तेच लागू आहे, फक्त मध्ये स्प्रिंग आणि पिस्टन वाढतात.

दुकान जळगावातच आहे, गोलाणी मार्केटपासून चालत जाता येतं. शस्त्रांचं लायसन्सवालं जुनं दुकान, पुढे काउंटर, मागे छोटं वर्कशॉप. मालकांनी नाव टाकू नका म्हणून सांगितलंय, कारण मागे बसणारे मिस्त्री एकटेच आहेत आणि हातातलं कामच उरकत नाही. मी मिस्त्रींना काका म्हणतो, पासष्टीच्या पुढचे आहेत, चष्मा कपाळावर, अहिराणी बोलतात आणि रेडिओ लावून काम करतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्यासमोर एक पोरगा आलेला, वीस-बावीसचा, त्याला स्प्रिंग बदलून जास्त ताकदीची टाकून पाहिजे होती. काकांनी मानही वर केली नाही. "पावर वाढाडनी व्हई ते दुसरीकडे जाय भो, आठे ते काम व्हत नही." पोरगा गेला. मला तेव्हाच कळलं की योग्य जागी आलोय.

का ते सांगतो. लोकांना वाटतं स्प्रिंग जितकी कडक तितकी रायफल भारी. स्प्रिंगवाल्या रायफलमध्ये होतं काय, ट्रिगर दाबला की स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते, पिस्टन जोरात पुढे जातो तशी रायफल मागे येते, मग पिस्टनपुढे हवेची गादी तयार होते, पिस्टन तिच्यावर आदळून थांबतो आणि रायफल उलटी पुढे झटका खाते. छर्रा अजून नळीतच असतो तोवर हे सगळं होऊन गेलेलं असतं. म्हणजे रायफल दोन्ही दिशांना हलते, आणि स्प्रिंग जितकी कडक तितकी जास्त हलते, आणि नेम तितका बिघडतो. शिवाय पिस्टनच्या तोंडाचं हवा अडवणारं सील लवकर जातं, स्कोप (नेम धरायची दुर्बीण) लवकर मरतो, नळी मोडताना खांदा दुखतो ते वेगळंच. आणि २० ज्यूलची रेघ ओलांडली तर आपण कायद्याच्या बाहेर. साधा ०.५१ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २८० मीटरच्या आसपास गेला की २० ज्यूल भरतात, गणित सरळ आहे, किलोतल्या वजनाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणा. माझी रायफल २३० च्या आसपास आहे म्हणजे साडेतेरा ज्यूल, आणि दहा-पंधरा-वीस मीटरवर कागदावर मारायला ते भरपूर झालं. ऑलिम्पिकमधली दहा मीटर एअर रायफल याच्या निम्म्याच्या आसपासच्या ताकदीत चालते आणि तिथे दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, अर्धा! ताकदीचा नेमाशी काही संबंध नाही हे समजायला यापेक्षा मोठं उदाहरण कशाला पाहिजे.

काकांनी रायफल माझ्यासमोर उघडली, हे मला सगळ्यात आवडलं. ठेवून जा आणि आठ दिवसांनी या असं नाही, आधी बघू काय आहे म्हणाले आणि स्टूल पुढे सरकवलं. त्यांच्याकडे स्प्रिंग काढायला सुताराच्या लांब क्लॅम्पपासून बनवलेला जुगाड आहे, रायफल त्यात धरून मागचा ब्लॉक हळूहळू सोडतात, कारण स्प्रिंग आत दाबलेलीच असते आणि नुसता पिन ठोकून काढला तर ब्लॉक छातीत येईल. हे घरी करू नका, खरंच करू नका, लोकांचे दात पडलेत असं काका म्हणाले आणि मला ते पटलं.

स्प्रिंग बाहेर काढल्यावर त्यांनी काउंटरच्या काचेवर ठेवली आणि बोटाने लोळवली. सरळ लोळायला पाहिजे ना, ती डुगडुगत गेली, मध्ये काचेपासून उचललेली दिसत होती. नव्या रायफलची स्प्रिंग वाकडी. मग स्प्रिंगच्या आत जो दांडा बसतो, गाईड म्हणतात, तो पातळ पत्र्याचा आणि इतका ढिला की स्प्रिंग उभी धरली तर गाईड आपोआप खाली पडायचा. ट्वॅंग तिथून येतो, स्प्रिंग सुटताना स्वतःभोवती पीळ खाते आणि ढिल्या गाईडवर थरथरत राहते. मग पिस्टनचं सील दाखवलं, एका बाजूला चिरलेलं, आणि ती चीर कंपनीत बसवतानाच पडलेली, कारण सिलिंडरला जो लांब खाचा आहे त्याच्या कडा कापलेल्या तशाच ठेवलेल्या होत्या, नखाला लागेल इतकी बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार किनार. सील त्या कडेवरून आत सरकवलं की ब्लेडवरून सरकवल्यासारखं. मला बोट फिरवायला लावलं त्यांनी, आणि मग एकच वाक्य, "आते समजनं का?"

नंतर काम काय काय केलं ते माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो. खाचाच्या सगळ्या कडा आधी बारीक कानशीने आणि मग एमरी पेपरने मारून गोल केल्या, आतून कपडा फिरवून एकही कण ठेवला नाही. स्प्रिंग नवी टाकली, त्याच मापाची, त्याच ताकदीची, पण दोन्ही टोकं घासून सपाट आणि चकचकीत केली, म्हणजे सुटताना पीळ बसला तरी टोक सरकेल, चावणार नाही. गाईड डेलरिनचा बनवला, ते पांढरं कडक प्लास्टिक असतं ना मशीनच्या बुशसाठी वापरतात ते, एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून त्यांनी टर्निंग मारून आणला, आणि तो स्प्रिंगमध्ये हाताने दाबून थोडा जोर लावून बसतो इतका नेमका. पुढच्या बाजूला पिस्टनच्या आत तसाच एक टोपीसारखा तुकडा. सील नवं पॉलियुरेथेनचं, ते सिलिंडरच्या मापाला पाण्यातल्या बारीक पेपरवर फिरवून फिरवून बसवलं, हाताने ढकललं तर एकसारखं सरकतं, कुठे अडत नाही, कुठे ढिलं होत नाही.

ग्रीसचा विषय जरा थांबून सांगतो कारण आपल्याकडे यातच सगळ्यात जास्त वाट लावली जाते. गावाकडे रायफल कोरडी वाटली की कोणी शिलाई मशीनचं तेल सोडतं, कोणी खोबरेल तेल, एकाने तर इंजिन ऑइल घातलेलं मी बघितलंय. पिस्टन पुढे जातो तेव्हा पुढची हवा दाबून प्रचंड गरम होते, त्यात तेल असलं की ते पेटतं, डिझेल इंजिनात होतं तसंच, म्हणून त्याला डिझेलिंगच म्हणतात. धूर येतो, फटाक्यासारखा आवाज येतो, छर्रा एकदम जोरात जातो आणि लोक खूश होतात की वा काय पावर आली. प्रत्यक्षात सील जळतंय, स्प्रिंगवर मार बसतोय आणि एक छर्रा इकडे एक तिकडे. काकांनी पिस्टनच्या बाजूंना मॉली ग्रीसचा (काळं, जास्त दाब सोसणारं ग्रीस) अगदी पातळ हात दिला, बोटाला काळं लागेल न लागेल इतका, सीलच्या पुढे काहीच नाही, आणि स्प्रिंगवर घट्ट चिकट ग्रीस. कातडी सील असलेल्या जुन्या रायफलींना तेल लागतं हे खरं आहे, कातडं वाळलं की हवा सोडतं, पण त्यालाही सांगतील तेच तेल आणि सांगतील तेवढेच थेंब. तुमच्या रायफलमध्ये कोणतं सील आहे ते आधी विचारा.

नळी जिथे मोडते तिथलं छोटं सील पण बदललं. ते तपासायची युक्ती घरी करण्यासारखी आहे, टिश्यू पेपरची बारीक पट्टी त्या सांध्यावर ठेवायची आणि छर्रा भरून मारायचा, पट्टी उडाली की हवा तिथून जातेय. माझी आधी चांगली उडायची, आता हलत पण नाही. छर्रा न भरता रिकामी मारून बघू नका हां, पुढे हवेची गादीच तयार होत नाही आणि पिस्टन थेट लोखंडावर आदळतो.

ट्रिगर. आधी जवळजवळ पावणेतीन किलो होता, सामान तोलायचा डिजिटल काटा लावून मोजला. आता सव्वा किलोच्या आसपास आहे आणि मुख्य म्हणजे खरखर गेली, आधी थोडा मोकळा येतो, मग एक भिंत लागते, आणि भिंतीवर दाब दिला की सुटतो. मी म्हटलं काका अजून हलका करा ना, अर्ध्या किलोवर आणा. नाही म्हणाले. कारण असं की ट्रिगरमध्ये दोन पोलादी कडा एकमेकींना धरून असतात, त्यांनी त्या फक्त पॉलिश केल्या, कोन बदलला नाही आणि पकडही कमी केली नाही. पकड कमी केली तर हलका होतो, पण मग नळी मोडलेली असताना, तुमची बोटं छर्रा भरत असताना ती सुटू शकते आणि नळी ताडकन वर येऊन बोट तुटतं. माझ्यासमोर त्यांनी रायफल ताणून, छर्रा भरून, नळी वाळूच्या पेटीत रोखून बटवर रबरी हातोडीने चारही बाजूंनी ठोकून बघितलं, सुटली नाही तेव्हाच माझ्या हातात दिली. छर्रा भरताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरून ठेवायची, ही सवय मात्र ट्रिगर कितीही चांगला असला तरी सोडायची नाही.

आता फरक किती पडला. मित्राकडे क्रोनोग्राफ आहे, नळीपुढे ठेवायचा, वेग मोजणारा. आधी त्याच डब्यातले छर्रे सेकंदाला २१४ मीटरपासून २३८ पर्यंत कुठेही जायचे. आता २२६ ते २३१ मध्ये. बघा, सगळ्यात जास्त वेग उलट कमी झाला आणि मी त्यावर खूश आहे, कारण सगळे छर्रे सारखे जायला लागले. दहा मीटरवर आता पाच छर्रे एक रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातात, बसून, पिशवीवर टेकवून मारले तर. आवाज नुसता 'ठप्' असा येतो, शेजारच्या वाफ्यात काम करणाऱ्या बाया आधी दचकायच्या, आता वळून बघत पण नाहीत.

यातला थोडा वाटा छर्‍यांचा आहे हे प्रामाणिकपणे सांगतो. काकांनी चार प्रकारचे छर्रे मारून बघायला दिले आणि ज्याला सगळ्यात महाग समजत होतो तो माझ्या नळीला चाललाच नाही, मधल्या किमतीचा सपाट तोंडाचा चालला. छर्‍याच्या डोक्याचं माप साडेचार मिलिमीटरच्या आसपास शंभरांशात बदलतं आणि कोणत्या नळीला कोणतं आवडेल ते मारून बघितल्याशिवाय कळत नाही. कागदावर मारायचं असेल तर सपाट तोंडाचेच घ्या, भोक स्वच्छ गोल पडतं आणि गुण मोजता येतात.

पकडण्याची पद्धत पण बदलावी लागते. ट्यून केली म्हणून घट्ट आवळून धरली तर काही उपयोग नाही. स्प्रिंगवाली रायफल डाव्या तळहातावर नुसती ठेवायची, आवळायची नाही, तिला जसं हलायचंय तसं हलू द्यायचं, फक्त दर वेळी तळहात त्याच जागी पाहिजे. मी ट्रिगर गार्डच्या थोडं पुढे ठेवतो. आणि स्कोप लावायचा असेल तर एअरगनसाठीचाच घ्या, जवळच्या अंतरावर फोकस होणारा, मोठ्या रायफलचा स्कोप एकाच दिशेचा झटका सहन करायला बनवलेला असतो, उलट्या झटक्याने त्याच्या आतल्या काचा ढिल्या होतात. माउंट (स्कोप रायफलला धरून ठेवणारी पकड) एकसंध आणि मागे अडवणारी पिन असलेलं. दस्त्याचे स्क्रू निळ्या लॉकटाइटने (स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून लावतात तो डिंक) बसवले आहेत, तरी अधूनमधून बघत राहा.

आता ज्या गोष्टी आवडल्या नाहीत त्या. पहिली म्हणजे वेळ. आठ दिवस सांगितले आणि महिना झाला. फोन केला की "व्हई जाई भो" एवढंच. मध्ये निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि लायसन्सवाल्यांची हत्यारं जमा करायची गर्दी दुकानात झाली हे मी समजू शकतो, पण मग आधीच तसं सांगायला पाहिजे, माणूस बाहेरगावाहून येतो, बसचं भाडं पडतं. दुसरी, बिलावर नुसतं 'सर्व्हिसिंग' लिहून दिलं, काय काय बदललं त्याची नोंद नाही. मी मागून लिहून घेतलं, तुम्हीही घ्या, पुढच्या वेळी स्प्रिंग बदलायची वेळ आली तर माप हाताशी असतं. जुने पार्ट मात्र न मागता पिशवीत घालून दिले.

तिसरी थोडी तांत्रिक आहे आणि आपल्या खान्देशासाठी महत्त्वाची आहे. स्प्रिंगवरचं ते चिकट ग्रीस थंडीत जाड होतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो आणि जानेवारीत धुळ्याच्या बाजूला पहाटे सहा-सात अंशांवर येतो, म्हणजे एकाच रायफलने वर्षात जवळपास चाळीस अंशांचा फरक झेलायचा. थंडीच्या सकाळी पहिले काही छर्रे नेहमीपेक्षा खाली लागतात, मग ऊन वर आलं की ठीक होतं. काकांना विचारलं तर म्हणाले पुढच्या वेळी ग्रीस अजून पातळ देऊ, पण मग थोडा ट्वॅंग येईल, दोन्ही मिळणार नाही. मला हे उत्तर बरोबर वाटलं. मी थंडीत आधी चार-पाच छर्रे मातीच्या बांधात मारतो आणि मग कागद लावतो. उन्हाळ्यात उलटं, रायफल गाडीत बंद करून उन्हात ठेवू नका, स्कोपचं तर वाटोळं होतंच, ग्रीसही पातळ होऊन पुढे सीलकडे उतरतं.

खर्च विचाराल तर मजुरी आणि सगळे पार्ट धरून साडेतीन हजारांच्या आत झालं. नवी रायफल घ्यायला निघालो होतो त्यापेक्षा कितीतरी स्वस्त, आणि नवी घेतली असती तरी तीही उघडावीच लागली असती असं मला आता वाटतं.

बऱ्याच लोकांनी विचारलं म्हणून हेही लिहितो. मी यावलच्या बाजूला आमच्या केळीच्या मळ्यात मारतो, मागे मातीचा उंच बांध आहे, बांधापुढे लाकडी खोकं आणि त्यात वाळूची पिशवी, खोक्यावर कागद. छर्रा शिशाचा असतो म्हणून तो मातीत सोडत नाही, वाळू चाळून गोळा करतो, आणि हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावत नाही. डोळ्याला चष्मा, बघणाऱ्यालाही. दगड, लोखंडी पत्रा, पाण्याची टाकी यावर कधीच मारू नका, छर्रा उलटा येतो. शेजारचे शेतकरी येतात, रानडुकरं केळी लोळवतात, मोर-पोपट दाणे खातात, म्हणतात भाऊ तुमच्याकडे बंदूक शे, मारा ना एखादं. मी स्पष्ट नाही म्हणतो. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी या छर्‍याने जनावर मरत नाही, जखमी होऊन तडफडतं. डुकरांच्या नुकसानीसाठी वनखात्याकडे अर्ज करायचा, पंचनामा करून घ्यायचा, मी दोघातिघांना अर्ज लिहून पण दिलाय. रायफल बसने किंवा गाडीने नेताना कव्हरमध्ये, रिकामी, बिलाची झेरॉक्स सोबत.

पॅरिसला २०२४ मध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम) ब्राँझ आणलं ना, तेव्हापासून आमच्या गल्लीतली पोरं पण विचारायला लागलीत. तो प्रकार .२२ चा आहे, पण त्यातले बहुतेक नेमबाज सुरुवात दहा मीटर एअर रायफलनेच करतात. पोरांना शिकवायचं असेल तर आधी जिल्ह्याच्या रायफल असोसिएशनकडे चौकशी करा, तिथे शिस्त शिकवतात, मग विकत घ्यायचं बघा. आणि घेतलीच तर आधी तशीच वापरा, एक-दोन डबे छर्रे संपू द्या, म्हणजे काय खुपतंय ते तुमचं तुम्हाला कळेल आणि मिस्त्रीला नीट सांगता येईल. नुसतं "ट्यून करा" म्हणून टाकून येऊ नका. किती अंतरावर मारता, बसून की उभं, स्कोप आहे का, कोणते छर्रे वापरता, हे सांगितलं तर काका त्याप्रमाणे करतात, आणि शक्यतो स्वतःचे छर्रे सोबत न्या कारण ते त्याच छर्‍यांवर तपासून देतात.

जायचं तर दुपारी बाराच्या आत जा, नंतर काका जेवायला जातात आणि चारशिवाय येत नाहीत. लग्नसराई आणि निवडणुका टाळा. माझ्या मुलीच्या हाताला दस्ता लांब पडतो, तो मागून कापून मध्ये फळ्या टाकून कमी-जास्त करता येईल असा करून देता का म्हणून विचारून ठेवलंय, लाकडाचं काम ते स्वतः करत नाहीत पण भुसावळच्या एका सुताराशी बोलतो म्हणाले. झालं तर फोटोसकट टाकतो.